गेटच्या आत माप एकच हवं

दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे. नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या या औद्योगिक पट्ट्यात कुठल्याही बऱ्यापैकी कंपनीत शिरलात, तर रिसेप्शनच्या भिंतीवर एक फ्रेम दिसते. जात, धर्म, लिंग, अपंगत्व यांवरून इथे कुणाशीही भेदभाव होणार नाही, असं तिच्यात लिहिलेलं असतं आणि खाली साहेबांची सही असते. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये तेच धोरण नव्या माणसाला पहिल्या दिवशी संगणकावर वाचायला लावतात. ही फ्रेम खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ती लिहिणाऱ्यांतले बरेच जण मनापासून लिहितात, हे मी जवळून पाहिलं आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या फ्रेमची काच रोज सकाळी जी बाई पुसते, ती त्या धोरणात येते का?

बहुतेक ठिकाणी येत नाही. कारण ती कंपनीची नाही, ठेकेदाराची आहे. गेटवरचा सिक्युरिटीचा माणूस एजन्सीचा, कॅन्टीनमधला पोरगा केटररचा, पॅकिंग लाइनवरची निम्मी माणसं लेबर सप्लायरची. बसचा ड्रायव्हर आणखी कुणाचा तरी. बढती कशी द्यायची, पगारवाढ कशावर ठरवायची, तक्रार कुणाकडे करायची, याबद्दल आपण जे काही चांगलं बोलतो आणि लिहितो, ते उरलेल्या माणसांपुरतं राहतं. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कामाच्या ठिकाणची समान संधी आणि समान वागणूक त्या गेटच्या आत जो जो राबतो त्या प्रत्येकाला लागू व्हायला हवी. त्याचा पगार कोणाच्या खात्यातून निघतो, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

मी या पट्ट्यात बरीच वर्षं ठेकेदारांची बिलं आणि त्यामागचे कागद तपासायचं काम केलं आहे. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी घोषणेतला नाही, एक्सेल शीटमधला आहे. हाऊसकीपिंगचं एक साधं बिल घ्या. वर माणसांची संख्या आणि हजेरीचे दिवस. खाली अकुशल कामगाराचं किमान वेतन, विशेष भत्ता आणि पाच टक्के घरभाडे भत्ता. मग मालकाच्या हिश्श्याचा पीएफ, ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, सव्वातीन टक्के, बोनसचे ८.३३ टक्के, रजेचा पगार. या सगळ्याच्या बेरजेवर ठेकेदाराचा सर्व्हिस चार्ज आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. कंपनी हे सगळं मोजते. बाईच्या हातात येतं ते किमान वेतन, तेही तिच्या हिश्श्याचा पीएफ आणि ईएसआयसी कापून. काही ठिकाणी खात्यात जमा झालेल्या पगारातले काही पैसे सुपरवायझर एटीएमच्या बाहेर उभा राहून परत घेतो. काही ठिकाणी मालकाचा पीएफही तिच्याच पगारातून वळता होतो. चलनं बरोबर असतात, सह्या बरोबर असतात, कागदावर बोट ठेवायला जागा नसते.

हे बिल नीट वाचलं की एक गोष्ट लक्षात येते. झाडलोट, पहारा, कॅन्टीन अशा किमान वेतनावरच्या कामांत ठेकेदार ठेवून कंपनीचा फारसा पैसा वाचत नाही. सर्व्हिस चार्ज तर तिच्याच खिशातून जातो. तेवढ्या पैशात त्याच बाईला थेट नेमता आलं असतं. कंपनी जास्तीचे पैसे मोजते ते त्या बाईशी नातं जोडायचं नाही म्हणून. ती आजारी पडली, गरोदर राहिली, म्हातारी झाली, युनियनमध्ये गेली, तर तो आपला प्रश्न होऊ नये, एवढ्यासाठी. उत्पादनाच्या लाइनवर गोष्ट वेगळी आहे. तिथे कायम कामगारांचे पगार करारानं वाढलेले असतात, कंत्राटी माणूस त्याच मशीनवर त्याच्या निम्म्यात किंवा त्याहून कमी पैशात उभा असतो आणि तिथे बचत खरी असते. पण त्या बचतीचं नाव काय? एकाच कामाचे दोन दर.

२०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पंजाब सरकार विरुद्ध जगजितसिंग या खटल्यात हंगामी सरकारी कर्मचाऱ्यांबद्दल निकाल देताना समान कामाला समान वेतनाचं तत्त्व त्यांनाही लागू केलं. कमी पगारावर कुणी खुशीनं काम करत नाही, घरच्यांना अन्न-निवारा मिळावा म्हणून स्वाभिमान गहाण टाकून करतो, असा त्या निकालातला भाव होता. वाचताना मला रबाळ्याचे कितीतरी चेहरे आठवले. पण तो निकाल सरकारनं थेट नेमलेल्या हंगामी माणसांबद्दलचा होता. ठेकेदाराचा माणूस कोर्टात गेला की पहिला प्रश्न येतो, तुझा मालक कोण? या एका प्रश्नावर दहा-दहा वर्षं जातात. २००१ च्या स्टील अथॉरिटीच्या निकालानंतर तर एखाद्या कामातली कंत्राटी पद्धत सरकारनं बंद केली, तरी त्या कामगाराला आपोआप कंपनीत सामावून घेतलं जात नाही.

एका ऑफिसातल्या मावशींचं उदाहरण सांगतो. मजल्यावर कुठला पंखा आवाज करतो, कुठल्या बेसिनचा नळ गळतो, कुणाला बिनसाखरेचा चहा लागतो, सगळं त्यांना पाठ. अकरा वर्षं त्याच मजल्यावर. या अकरा वर्षांत ठेकेदार चार झाले. प्रत्येक वेळी नवा फॉर्म, नवे फोटो, नवं ओळखपत्र आणि नवी जॉइनिंग तारीख. माझ्यासमोर जी फाइल होती, तिच्यात त्यांची नोकरी एक वर्ष आठ महिन्यांची होती. झाडू तोच, मजला तोच, माणूस तोच, पण कागदावर त्या नवख्या. ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते आणि कंत्राट दोन-तीन वर्षांत बदलतं. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून पंधरा हजार धरले, तर वर्षाला पंधरा दिवस या हिशेबानं अकरा वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे पंच्याण्णव हजार रुपये होते. मुलीचं लग्न असो की गावाकडच्या घराचे पत्रे असोत, त्या घरासाठी ही रक्कम मोठी आहे. ती कुणी चोरली नाही. तारखा बदलत गेल्या आणि ती नाहीशी झाली.

ईएसआयसीचंही तसंच. प्रसूतीचा लाभ मिळायला आधीच्या सहा-सहा महिन्यांच्या दोन अंशदान काळांत सत्तर दिवसांचं अंशदान भरलेलं असावं लागतं. कंत्राट संपलं, नवं सुरू व्हायला वेळ लागला, मधे 'ब्रेक' दिला, तर एखाद्या पोरीचे ते दिवस भरत नाहीत. तिचा त्यात काय दोष? शेजारच्या केबिनमधल्या कायम नोकरीतल्या बाईला सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि ती मिळायलाच हवी. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या स्त्री कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच सांगितलं होतं की रोजंदारीवर आहे म्हणून बाईला मातृत्वाचा लाभ नाकारता येणार नाही. पोटातल्या बाळाला आईचा मालक कोण हे माहीत नसतं. इतकी साधी गोष्ट पंचवीस वर्षं उलटली तरी आपल्या कामाच्या जागांमध्ये पूर्ण उतरलेली नाही.

आणि हे सगळं कुणाच्या वाट्याला येतं, हे पाहायला सर्वेक्षण लागत नाही. मजले आणि संडास साफ करणारे कोण, गोण्या उचलणारे कोण, केमिकलच्या शेडमध्ये ड्रम धुणारे कोण, कचऱ्याच्या गाडीमागे उभे राहणारे कोण, हे डोळे उघडे ठेवणाऱ्याला दिसतं. सफाईत दलित वस्त्यांमधल्या बायका, त्यातही विधवा आणि परित्यक्ता पुष्कळ. हेल्परीत मराठवाड्यातून किंवा उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली पोरं. ठेकेदाराकडे भरती होते ती सुपरवायझरच्या ओळखीनं. तो आपल्या गावचे, आपल्या जातीचे आणतो. मग एका कामाला एकाच समाजाची माणसं चिकटतात आणि पुढच्या पिढीतही तीच दिसतात. कंपनी म्हणते, आम्ही कुणाची जात विचारली नाही. खरंच विचारलेली नसते. विचारायचं काम तिनं दुसऱ्यावर सोपवलेलं असतं.

मुलाखतीच्या टेबलावरचा भेदभाव तर वेगळाच. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांत होता. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. ही सुशिक्षित, पदवीधरांच्या नोकऱ्यांची गोष्ट. पण तिथे निदान अर्ज होता, जाहिरात होती, मोजता येण्यासारखं काहीतरी होतं. ठेकेदारीत अर्जच नाही, तर अभ्यास कशाचा करणार?

ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली ती साठच्या दशकात. त्या पिढीतल्या कामगारांशी बोललं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर येते, 'एक्स्चेंजमधून कॉल आला.' १९५९ च्या कायद्यानं पंचवीस किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी कंपन्यांनाही बहुतेक रिकाम्या जागा रोजगार विनिमय केंद्राला कळवाव्या लागत. त्यांच्याच यादीतून माणूस घ्यायचं बंधन नव्हतं, वशिला तेव्हाही चालायचा. तरीही जागा जाहीर व्हायची. कुणाच्या ओळखीचा नसलेला, खेड्यातून आलेला, भूमिहीनाचा पोरगा रांगेत उभा राहू शकत होता. त्यातून कितीतरी घरं वर आली. वर्तकनगर, लोकमान्यनगर, सावरकरनगरमध्ये आज पन्नाशीत असलेल्यांना विचारा, बापाच्या कायम नोकरीनं घराला काय दिलं. समान संधीची पहिली पायरी हीच आहे की जागा आहे हे सगळ्यांना कळलं पाहिजे. ठेकेदारीत जागाच नसते. जाहिरात नाही, मुलाखत नाही, बढतीची शिडी नाही. हाऊसकीपिंगची बाई दहा वर्षांनीही हाऊसकीपिंगचीच. महापालिकेतला कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर कायम भरतीची वाट बघत बघत वयाची अट ओलांडून जातो.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेची समान संधीची हमी मुख्यतः सरकारी नोकऱ्यांना बांधलेली आहे. खासगी क्षेत्रासाठी जात, धर्म, लिंग सगळं एकत्र धरणारा सर्वसाधारण भेदभावविरोधी कायदा आपल्याकडे नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यानं. २०१९ ची वेतन संहिता लिंगावरून वेतनात आणि भरतीत भेद करायला मनाई करते. अपंगांसाठी २०१६ चा कायदा, एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा, तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा. प्रत्येकामागे त्या त्या माणसांचा मोठा लढा आहे. पण एकाच जागी, एकाच कामावर, कंत्राटी आहे म्हणून वेगळी वागणूक दिली तर काय? केंद्राच्या १९७१ च्या कंत्राटी कामगार नियमांत ठेकेदाराच्या परवान्याची एक अट होती, की मूळ मालकाच्या कामगारासारखंच काम असेल तर वेतन, सुट्ट्या, कामाचे तास सारखे असतील. चांगली अट. ती अंमलात आणून घेणारा लेबर इन्स्पेक्टर कुणी पाहिला आहे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्याचं केंद्र सरकारनं जाहीर केलं. त्यातल्या सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत एक तरतूद आहे, जिच्याकडे माझं मन पुन्हा पुन्हा जातं. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला तिनं मनाई केली आहे, अपवाद ठेवले आहेत ते सोडून. आणि मुख्य काम कशाला म्हणायचं नाही, याची यादी दिली आहे. सफाई, पहारा, कॅन्टीन, चढ-उतार, बागकाम, हाऊसकीपिंग. म्हणजे ज्या कामांत पिढ्यान्पिढ्या सर्वांत खालच्या मानलेल्या माणसांना ढकललं गेलं, तीच कामं कायद्यानं 'मुख्य नाही' म्हणून बाजूला काढली. संडास आठ दिवस साफ झाला नाही, तर ते आयटी पार्क चालेल का? गेटवर माणूस नसला, तर गोदाम उघडेल का? या यादीला एक अट जोडलेली आहे, ती मात्र कामाची आहे. आस्थापना त्याच कामासाठी उभी असेल, तर ते तिचं मुख्य कामच ठरतं. मग मला सांगा, शहराची सफाई हे महापालिकेचं मुख्य काम नव्हे, असं कोण म्हणेल?

नवी मुंबई २०२२ आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरी आली. आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला आणि तो रास्त होता. पामबीच रस्त्याच्या कडेला पहाटे पाच वाजता ज्या बायका झाडू घेऊन उभ्या असतात, त्यांच्यातल्या बहुतेक कंत्राटी आहेत. समान कामाला समान वेतन ही त्यांची मागणी नवी नाही. शेजारच्या मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघानं वर्षानुवर्षं लढून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून २,७०० सफाई कामगारांना कायम करून घेतलं. त्या लढ्यात हजेरीचे कागद, ओळखपत्रं, गाड्यांचे नंबर असं काय काय जमवावं लागलं, ते त्या कामगारांनाच विचारावं. हक्क मिळवायला एवढी पायपीट लागत असेल, तर तो हक्क फक्त चिवट माणसालाच मिळतो.

मी नेहमी एका कायद्याकडे बोट दाखवतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. त्यात 'कर्मचारी' कोण, याची व्याख्या वाचा. कायम, हंगामी, रोजंदारीवरचा, थेट नेमलेला, एजंटामार्फत किंवा ठेकेदारामार्फत आलेला, मूळ मालकाला माहीत असलेला किंवा नसलेला, शिकाऊ, अगदी बिनपगारी काम करणारासुद्धा. हाऊसकीपिंगच्या मुलीला त्रास झाला, तर ती ज्या ऑफिसात काम करते तिथल्या अंतर्गत समितीसमोर जाऊ शकते. 'ती आमची नाही' असं कंपनीला म्हणता येत नाही. कायदा करताना कुणीतरी विचार केला, की छळ करणारा हात मस्टर बघून छळ करत नाही. मग हीच व्याख्या वेतनाला, रजेला, पाळणाघराला, पिण्याच्या पाण्याला, तक्रार निवारणाला का लागू नये? पन्नास किंवा अधिक कर्मचारी असले की पाळणाघर द्यायचं, असं २०१७ च्या दुरुस्तीनं सांगितलं. एका इमारतीत कंपनीच्या चाळीस जणी आणि कंत्राटी साठ, तर मुलं मोजताना ती शंभर आयांची का मोजायची नाहीत?

वागणुकीचा भाग कायद्यापेक्षाही जवळचा आहे. घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात मी पाहिलं आहे, कॅफेटेरियात निम्म्या खुर्च्या रिकाम्या आणि बाहेर जिन्याच्या लँडिंगवर वर्तमानपत्र पसरून तिघी जणी डबा खाताहेत. आत बसू नका असा लेखी नियम नव्हता. त्यांना एकदा कुणीतरी 'इथे नको' म्हटलं होतं, तेवढं पुरलं. महाप्याच्या एका कारखान्यात कॅन्टीनला दोन खिडक्या होत्या, निळ्या कार्डाची आणि पिवळ्या कार्डाची. निळ्याला सवलतीत जेवण, पिवळ्याला पूर्ण दरात. पिवळं कार्ड ज्यांच्याकडे, त्यांचाच पगार कमी. कॅन्टीन, विश्रांतीची जागा, पिण्याचं पाणी या सोयी कंत्राटी कामगारांना मूळ मालकानंच द्यायच्या, हे आता संहितेत स्पष्ट आहे. ठेकेदारावर ढकलायची सोय राहिलेली नाही. हे एचआरमधल्या लोकांनी सोमवारी सकाळी करण्यासारखं काम आहे, त्याला बोर्डाची मंजुरी लागत नाही.

आता कारखानदारांची बाजू. ती मी अनेकदा ऐकली आहे आणि ती पोकळ नाही. रबाळ्याला तीस माणसांचं युनिट चालवणारा माणूस सांगतो, ऑर्डर सहा महिने असते, सहा महिने नसते. कायम केलेली माणसं मंदीत काय करू? वीज महाग, जागा महाग, शेजारच्या राज्यात सगळं स्वस्त. एकदा कायम केला की काम करत नाही, ही तक्रारही ठरलेली. शेवटची तक्रार मला पटत नाही. काम न करणाऱ्याला वठणीवर आणायचे नियम आहेत, ते वापरायची तसदी घ्यायची नाही आणि शिक्षा सगळ्यांना द्यायची, हा न्याय झाला नाही. ऑर्डर कमी-जास्त होण्याची अडचण मात्र खरी आहे. तिला उत्तर ठरावीक मुदतीच्या थेट नेमणुकीत आहे. नव्या संहितांत अशा कामगाराला कायम कामगाराइतकंच वेतन आणि सोयी आहेत आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीही आहे. सहा महिन्यांचं काम असेल, तर सहा महिन्यांसाठी थेट घ्या. पण जो मजला बारा महिने झाडावा लागतो, तो झाडणाऱ्या बाईला ऑर्डर नसल्याचं कारण सांगता येणार नाही.

नवी मुंबईत याला आणखी एक गुंता आहे, जो बाहेरच्यांना चटकन कळत नाही. हे शहर पंच्याण्णव गावांच्या जमिनीवर उभं आहे. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी जासई-नवघर परिसरात झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. त्या आंदोलनातून, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वातून, पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. नोकऱ्यांची आश्वासनं मात्र पुरी झाली नाहीत. त्या गावांमधल्या आगरी-कोळी तरुणांना कंपन्यांनी नोकरीऐवजी ठेके दिले. बसचा ठेका, पाण्याच्या टँकरचा, भंगाराचा, माणसं पुरवण्याचा. त्यामुळे ठेकेदारीविरुद्ध बोललं की एखादा ओळखीचा भूमिपुत्र विचारतो, 'आमची जमीन पण गेली, आता हा धंदा पण काढून घेणार का?' त्याचा राग मला समजतो. माझं त्याला सांगणं एवढंच, की बस तुझी आहे, टँकर तुझा आहे, त्याचा धंदा कर, तो तुझा हक्कच आहे. पण माणूस पुरवणं हा धंदा वेगळा. त्यात तुझं भांडवल काहीच नसतं, दुसऱ्याच्या घामातून हिस्सा असतो. आणि तुझ्याच गावातला, जमीन गेलेला दुसरा पोरगा तुझ्या मस्टरवर किमान वेतनावर उभा असतो, त्याचं काय?

मार्ग शोधायला फार लांब जावं लागत नाही. वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे कृषी उत्पन्न बाजारात, चला. सातारा जिल्ह्यातून आलेली माणसं तिथे पाठीवर गोणी वाहतात. त्यांना एक मालक नाही, गाळे शेकडो. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. एकेकाळी या माणसांना ना हिशेब होता, ना सुट्टी, ना म्हातारपण. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला. सरकार, मालक आणि कामगार या तिघांचं मंडळ. मालकाची नोंदणी मंडळाकडे, टोळीची नोंदणी मंडळाकडे. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम, व्यापारी मंडळात भरतो. पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना मंडळ बघतं. व्यापारी बदलला तरी माथाडीची सेवा तुटत नाही. कोपरखैरणे आणि घणसोलीत माथाडींची घरं उभी राहिली, त्यांची मुलं शिकली. सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ मध्ये राज्यानं याच धर्तीचा कायदा केला.

माथाडी मंडळांत सगळं आलबेल आहे, असा माझा दावा नाही. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणाऱ्यांच्या तक्रारी याच पट्ट्यातले कारखानदार करतात आणि त्यातल्या काही खऱ्या आहेत. अशा गुंडांना मोडून काढलंच पाहिजे. त्यांच्यामुळे पन्नास वर्षं ज्या व्यवस्थेनं पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला म्हातारपण दिलं, ती व्यवस्था वाईट ठरत नाही. हाऊसकीपिंग, सफाई, पॅकिंग, चढ-उतार अशा सगळ्या कंत्राटी कामांसाठी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत असं मंडळ का होऊ नये? ठेकेदार येतील आणि जातील, मावशींची जॉइनिंग तारीख मात्र मंडळाच्या वहीत एकच राहील.

नवा कायदा व्हायला वेळ लागेल. त्याआधी ठाणे आणि नवी मुंबई या दोन महापालिका आपल्या निविदांच्या अटी बदलू शकतात. सफाई, उद्यान, पाणीपुरवठा, परिवहन यांपैकी कुठल्याही कामाची पुढची निविदा काढताना त्यात लिहावं, की ठेकेदार बदलला तरी जुनी माणसं त्याच जागी राहतील आणि त्यांची पहिली कामाची तारीख ग्राह्य धरली जाईल. कायम कामगारासारखंच काम असेल तर दर सारखा राहील. पगार, पीएफ आणि ईएसआयसीची चलनं दर महिन्याला पालिकेच्या संकेतस्थळावर टाकल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघणार नाही, आणि पगारातले पैसे परत घेतल्याची तक्रार सिद्ध झाली तर ठेकेदार काळ्या यादीत जाईल. कंपन्यांनीही आपल्या वार्षिक अहवालात कायम किती, कंत्राटी किती, त्यातल्या बायका किती आणि एकाच कामाचे दोन दर कुठे कुठे आहेत, हे छापावं. मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना कर्मचाऱ्यांचे काही आकडे आजही द्यावे लागतात. ठेकेदाराच्या माणसांचा दर मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी बिलात राहतो. तो या मजल्यावरच्या, या गेटच्या आतल्या हिशेबात आला पाहिजे. पुढच्या वेळी तुमच्या ऑफिसात नवा हाऊसकीपिंगचा ठेकेदार येईल, तेव्हा ॲडमिनमधल्या माणसाला एवढं विचारा, जुन्यांची तारीख काय धरली?